कॉर्न स्नेकचं पिल्लू काय खातं? आणि ते खायला नकार देतं तेव्हा काय करायचं?

वीत-सव्वावीत लांबी, पेन्सिलीहून बारीक अंग आणि वजन जेमतेम पाच ते आठ ग्रॅम. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं कॉर्न स्नेकचं पिल्लू एवढंसंच असतं. पाळण्यासाठी ते घरी येतं, समोर भक्ष्य ठेवलं जातं आणि पिल्लू तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन बसतं. एक आठवडा जातो, दुसरा जातो. पहिल्यांदाच साप पाळणारा माणूस इथे घाबरतो. तो पिल्लाला पुन्हा पुन्हा हातात घेतो, रोज नवीन काहीतरी समोर धरतो, कधीकधी जबरदस्तीने भरवायचा प्रयत्न करतो.

पिल्लाचं खरं नुकसान बहुतेकदा या घाईमुळे होतं. धडधाकट पिल्लू काही आठवडे उपवास सहन करू शकतं, पण सततची हाताळणी त्याला सहन होत नाही. ते खात का नाही, हे समजून घ्यायचं असेल तर आधी ते जंगलात काय खातं हे पाहायला हवं.

कॉर्न स्नेक मुळात कुठला?

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप आहे. फ्लोरिडापासून न्यू जर्सीपर्यंतची जंगलं, माळरानं, शेतं आणि जुनी गोदामं ही त्याची राहण्याची ठिकाणं. त्याचं शास्त्रीय नाव पॅन्थेरोफिस गुटॅटस. केशरी-तांबूस अंगावर काळ्या कडा असलेले लाल ठिपके ही त्याची ओळख.

'कॉर्न' म्हणजे मका. हे नाव कसं पडलं याची दोन कारणं सांगितली जातात. एक म्हणजे मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागावर हा साप हमखास सापडायचा. दुसरं म्हणजे त्याच्या पोटावरची चौकटीची नक्षी रंगीबेरंगी मक्याच्या दाण्यांसारखी दिसते.

पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक साधारण तीन ते पाच फूट लांब होतो आणि पाळलेला असेल तर १५ ते २० वर्षं सहज जगतो. स्वभावाने शांत आणि आकाराने आटोपशीर असल्यामुळे अमेरिका, ब्रिटन आणि युरोपात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये त्याची गणना होते.

मोठा साप उंदीर खातो, मग पिल्लू का खात नाही?

मोठे कॉर्न स्नेक उंदीर, घुशींची पिल्लं, पक्षी, पक्ष्यांची अंडी आणि कधीकधी वटवाघळंही खातात. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला मात्र यातलं काहीच झेपत नाही. उंदराचं पिल्लू तोंडात मावेल एवढं लहान असतं, पण ते बिळात, आईच्या पंखाखाली असतं. मोठी उंदरीण एवढ्याशा सापाला सहज मारू शकते.

त्यामुळे जंगलातली पिल्लं छोटे सरडे आणि झाडावरचे बेडूक खातात. फ्लोरिडासारख्या भागात अनोल जातीचे सडपातळ हिरवे सरडे भरपूर असतात. ते बारीक आणि लांबट असल्यामुळे पिल्लाच्या तोंडात बरोबर बसतात.

आपल्याकडच्या धामणीचंही असंच आहे. मोठी धामण शेतातले उंदीर फस्त करते म्हणून शेतकऱ्यांची मित्र मानली जाते, पण तिची पिल्लं सुरुवातीला छोट्या बेडकांवर वाढतात.

भक्ष्याची ही आवड साप शिकून घेत नाहीत, ती जन्मजात असते. १९६० च्या दशकात गॉर्डन बर्गहार्ट या अमेरिकी संशोधकाने गार्टर सापांच्या नवजात पिल्लांवर प्रयोग केले. या पिल्लांनी तोपर्यंत एकदाही काही खाल्लं नव्हतं. तरीही नैसर्गिक भक्ष्याचा अर्क लावलेला कापसाचा बोळा समोर येताच ती भराभर जीभ बाहेर काढू लागली आणि बोळ्यावर हल्ला करू लागली. ज्या जातीचं जे भक्ष्य, त्याच्याच वासाला तिची पिल्लं जोरात प्रतिसाद देत होती.

पाळलेल्या कॉर्न स्नेकच्या पिल्लापुढे मात्र उंदराचं पिल्लू ठेवलं जातं. बहुतेक पिल्लं ते निमूट खातात. काही पिल्लांना मात्र सरड्याचा वास हवा असतो, आणि समोरची वस्तू त्यांना खाण्याची वाटतच नाही. हा हट्टही नाही आणि बहुतेक वेळा आजारही नाही.

पहिलं जेवण कधी?

मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला साधारण १० ते ३० अंडी घालते. योग्य उबेत सुमारे दोन महिन्यांनी पिल्लं अंड्याचं कवच चिरून बाहेर येतात. तेव्हा त्यांच्या पोटात अंड्यातल्या बलकाचा थोडा साठा शिल्लक असतो आणि पहिले काही दिवस ती त्यावरच जगतात.

बाहेर आल्यावर साधारण आठवडा-दहा दिवसांनी पिल्लू पहिली कात टाकतं. पहिलं भक्ष्य त्यानंतरच द्यायचं असतं. त्याआधी दिलेलं बहुतेक पिल्लं खात नाहीत आणि त्यांना त्याची गरजही नसते.

म्हणूनच पिल्लू घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: याने आतापर्यंत किती वेळा खाल्लं आहे? चांगले पैदासकार पिल्लू सलग काही वेळा स्वतःहून गोठवलेली पिंकी खाईपर्यंत विकत नाहीत आणि प्रत्येक जेवणाची तारीख लिहून ठेवतात. ही नोंद मिळाली तर पुढचा बराच त्रास वाचतो.

पिंकी, फझी, हॉपर म्हणजे काय?

सापाच्या खाद्यासाठी विकल्या जाणाऱ्या उंदरांना त्यांच्या वयानुसार नावं आहेत.

- पिंकी: एक ते चार-पाच दिवसांचं, अंगावर केस नसलेलं गुलाबी पिल्लू. वजन साधारण १ ते ३ ग्रॅम. कॉर्न स्नेकच्या पिल्लाचं पहिलं अन्न हेच.
- फझी: अंगावर लव आलेलं पिल्लू. वजन साधारण ३ ते ६ ग्रॅम.
- हॉपर: डोळे उघडलेलं, उड्या मारणारं पिल्लू. वजन साधारण ७ ते १२ ग्रॅम.
- मोठा उंदीर: २० ग्रॅम आणि त्याहून जास्त. हा पूर्ण वाढलेल्या सापासाठी.

सापाला हे भक्ष्य अख्खंच द्यायचं असतं. हाडं, यकृत, आतडी, कातडी या सगळ्यांतून त्याला कॅल्शियम, जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. कोंबडीचा तुकडा किंवा खिमा यातून हे पोषण होत नाही. पिंकीची हाडं पूर्ण तयार झालेली नसल्यामुळे तिच्यात मोठ्या उंदरापेक्षा कॅल्शियम कमी असतं. म्हणून पिल्लू वाढलं तरी वर्षभर पिंकीच देत राहणं योग्य नाही. आकार जसा झेपेल तसं पुढच्या टप्प्याकडे जायला हवं.

किती द्यायचं आणि किती दिवसांनी?

भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा फार तर दीडपट असावी, हा सर्वांत सोपा नियम. खाल्ल्यावर पोटावर हलकासा फुगवटा दिसला म्हणजे आकार बरोबर आहे. तो एखाद्या गाठीसारखा टचटचीत दिसत असेल तर भक्ष्य मोठं झालं.

सहा ग्रॅमच्या पिल्लाने दीड ग्रॅमची पिंकी खाल्ली म्हणजे त्याने स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा एका घासात गिळला. साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत पंधरा किलो खावं, तसं हे झालं. म्हणून पोटभर दिसावं या हौसेने एकदम दोन-तीन पिंकी देणं धोक्याचं असतं.

साधारण वेळापत्रक असं ठेवता येतं:

- १५ ग्रॅमपर्यंतच्या पिल्लाला दर पाच ते सात दिवसांनी एक पिंकी.
- १५ ते ३० ग्रॅमच्या पिल्लाला त्याच अंतराने एक मोठी किंवा दोन छोट्या पिंकी.
- ३० ग्रॅमच्या पुढे फझी, आणि अंगाची जाडी वाढेल तसं हॉपर.
- पूर्ण वाढलेल्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी एक मोठा उंदीर.

हे आकडे अंदाजे आहेत. खरी खूण पिल्लाच्या वजनात दिसते. ग्रॅममध्ये मोजणारा स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा सापासाठी वेगळा घेऊन ठेवावा आणि आठवड्या-पंधरवड्याने वजन वहीत लिहावं. पिल्लू खात नाही असं वाटत असताना वजन टिकून आहे की घसरतंय, हे फक्त या वहीतूनच कळतं.

ते भक्ष्य ओळखतं कसं आणि गिळतं कसं?

साप दुभागलेल्या जिभेने हवेतले गंधकण गोळा करतो आणि टाळूवरच्या जेकबसन अवयवाकडे पोचवतो. भक्ष्य खाण्याजोगं आहे की नाही, याचा निर्णय बराचसा तिथे होतो. अजगर किंवा चापड्याच्या चेहऱ्यावर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात, तशा कॉर्न स्नेकला नसतात. त्यामुळे त्याच्यासाठी वास आणि हालचाल जास्त महत्त्वाची. तरीही कोमट पिंकी थंड पिंकीपेक्षा जास्त खाल्ली जाते, कारण कोमट झाल्यावर तिचा वास अधिक पसरतो.

कॉर्न स्नेक भक्ष्याला विळखा घालून मारतो. विळख्यात प्राणी गुदमरून मरतो असं पूर्वी मानलं जायचं. २०१५ साली बोआ जातीच्या सापांवर झालेल्या संशोधनात मात्र असं दिसलं, की विळखा पडल्यावर काही सेकंदांतच भक्ष्याचं रक्ताभिसरण कोलमडतं. पिंकी मुळातच निश्चल असल्यामुळे पिल्लू अनेकदा विळखा न घालता ती सरळ गिळून टाकतं.

गिळताना सापाचा जबडा निखळतो, हा गैरसमज आहे. खालच्या जबड्याच्या दोन बाजू पुढे हाडाने जोडलेल्या नसून लवचीक स्नायुबंधाने जोडलेल्या असतात. त्यामुळे त्या एकमेकींपासून लांब जाऊ शकतात. डावी बाजू, मग उजवी बाजू असं करत साप जणू भक्ष्यावरून चालत पुढे सरकतो. श्वासनलिकेचं तोंड त्याला पुढे सरकवता येतं, म्हणून तोंड भरलेलं असतानाही श्वास चालू राहतो. गिळून झाल्यावर पिल्लू मोठ्या जांभया देतं. जबडा पुन्हा जागेवर बसवण्याची ती पद्धत आहे.

जिवंत भक्ष्य द्यावं का?

बहुतेक अनुभवी पाळणारे आणि पशुवैद्य गोठवून वितळवलेलं भक्ष्य देण्याचाच सल्ला देतात. दात आलेला जिवंत उंदीर जीव वाचवण्यासाठी चावतो आणि सापाचा डोळा किंवा पाठ कायमची जायबंदी करू शकतो. शिवाय यात उंदराचेही हाल होतात.

गोठवलेली पिंकी पिशवीत बंद करून आधी फ्रीजमध्ये वितळवावी आणि मग ती पिशवी थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवावी. पिंकी हाताला कोमट लागायला हवी आणि आतून गार राहता कामा नये. मायक्रोवेव्हमध्ये ती ठेवू नये. तिथे ती असमान तापते, फुटूही शकते. एकदा वितळवलेली पिंकी पुन्हा गोठवू नये.

पिंकी लांब चिमट्याने पुढे धरावी. बोटाने दिली तर पिल्लाला बोट आणि भक्ष्य यांतला फरक कळत नाही.

उब नसेल तर पचन नाही

साप स्वतःच्या शरीरात उब तयार करत नाही. ती त्याला बाहेरून मिळते आणि त्यावरच त्याचं पचन अवलंबून असतं. पिल्लाच्या पेटीत एक बाजू साधारण २८ ते ३० अंश सेल्सियस आणि दुसरी बाजू २२ ते २४ अंश असावी. दोन्ही बाजूंना लपायला जागा हवी. नाहीतर भेदरलेलं पिल्लू उबेपेक्षा आडोसा निवडतं आणि थंड कोपऱ्यात बसून राहतं. उब देणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट हवाच, कारण नुसती हीट मॅट सापाला भाजू शकते.

खाल्ल्यानंतर किमान ४८ तास पिल्लाला हात लावू नये.

पिल्लू खातच नसेल तर?

पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांकडे पाहावं. ते दुधाळ निळसर दिसत असतील तर पिल्लू कात टाकण्याच्या तयारीत आहे. या काळात त्याला नीट दिसत नाही आणि बरीच पिल्लं खात नाहीत. कात पडेपर्यंत थांबणं एवढाच उपाय.

तसं नसेल तर पुढच्या पायऱ्या क्रमाने कराव्यात. प्रत्येक प्रयत्नानंतर पाच ते सात दिवसांची विश्रांती द्यावी आणि एका वेळी एकच बदल करावा.

१. आधी शांतता. नव्या घरी आलेल्या पिल्लाला पहिले पाच-सात दिवस हातात घेऊ नये. पेटीतलं तापमान आणि लपायच्या जागा तपासाव्यात.

२. रात्रीची वेळ. संध्याकाळी, मंद उजेडात पिंकी द्यावी आणि समोरून बाजूला व्हावं. अनेक पिल्लं कुणी पाहत असेल तर खात नाहीत.

३. छोटा डबा. हवेसाठी भोकं पाडलेल्या लहान डब्यात पिल्लू आणि पिंकी रात्रभर एकत्र ठेवावेत. डबा पेटीच्या उबदार बाजूलाच, पण थेट हीट मॅटवर न ठेवता ठेवावा. अरुंद, अंधाऱ्या जागेत पिल्लाला सुरक्षित वाटतं आणि भक्ष्य नाकासमोर राहतं.

४. धुतलेली पिंकी. सौम्य, बिनवासाच्या साबणाने पिंकी धुऊन, भरपूर पाण्याने स्वच्छ करून द्यावी. उंदराचा वास कमी झाला की काही पिल्लं ती स्वीकारतात.

५. डोक्याला छोटी चीर. वितळवलेल्या पिंकीच्या डोक्याला बारीक चीर दिली की आतल्या द्रवाचा तीव्र वास येतो. हे करायला किळसवाणं वाटतं, पण अडून बसलेल्या पिल्लांवर हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

६. सरड्याचा वास. पिंकीवर अनोल सरड्याची कात किंवा गोठवलेला सरडा घासून वास लावतात. पिल्लाची जन्मजात आवड इथे कामाला येते. पिल्लू नियमित खाऊ लागलं की वास हळूहळू कमी करत न्यायचा. घराबाहेर पकडलेली पाल किंवा सरडा मात्र वापरू नये. त्यातून परजीवी येऊ शकतात.

वजन सतत घसरत असेल, पाठीचा कणा वर आलेला दिसत असेल किंवा पिल्लू मलूल झालं असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावं. तोंडात भक्ष्य सरकवून भरवणं हा शेवटचा उपाय आहे आणि तो जाणकाराच्या हातूनच व्हावा. नवख्या हाताने एवढ्याशा पिल्लाचा जबडा किंवा घसा दुखावतो, आणि पुढच्या वेळी ते खाण्यापासून आणखी दूर पळतं.

खाल्लेलं बाहेर टाकलं तर?

हे उपवासापेक्षा गंभीर आहे. भक्ष्य मोठं असणं, पेटी थंड असणं आणि खाल्ल्यावर लगेच हाताळणं ही त्याची नेहमीची कारणं. उलटीबरोबर पोटातली पाचक द्रव्यंही बाहेर पडतात आणि अन्नमार्गाला इजा होते. म्हणून लगेच दुसरी पिंकी देऊ नये. दहा ते चौदा दिवस फक्त पाणी द्यावं आणि त्यानंतर नेहमीपेक्षा छोटं भक्ष्य द्यावं. उलटी पुन्हा झाली तर वाट न पाहता पशुवैद्याला दाखवावं. काही परजीवींमुळेही असं होतं.

काही नेहमीचे गैरसमज

साप दूध पितो. दूध हे सापाचं अन्न नाही. तहानलेला साप समोर येईल तो द्रव पिऊ शकतो, पण दूध त्याला पचत नाही. नागपंचमीच्या नागाबाबत जे खरं, तेच कॉर्न स्नेकबाबतही खरं. त्याला रोज बदललेलं स्वच्छ पाणी हवं.

पेटीत खाऊ घातलं तर साप चावरा होतो. याला आधार नाही. उलट प्रत्येक जेवणासाठी पिल्लाला उचलून दुसरीकडे नेल्याने ते बिथरतं. वर सांगितलेला छोटा डबा हा फक्त न खाणाऱ्या पिल्लासाठीचा उपाय आहे.

दोन पिल्लं एकत्र सुखाने राहतात. कॉर्न स्नेकला सोबत लागत नाही. दोन पिल्लांनी एकच पिंकी दोन टोकांनी पकडली तर एक पिल्लू दुसऱ्याला गिळू शकतं. त्यांना वेगळंच ठेवावं.

जास्त खाऊ घातलं की लवकर मोठा होतो. वाढीचा वेग वाढतो, पण लठ्ठपणाही येतो. पाळलेल्या मोठ्या सापांमध्ये उपासमारीपेक्षा लठ्ठपणा जास्त आढळतो, आणि त्याची सवय लहानपणीच लावली जाते.

घरातल्यांची काळजी

साप आणि त्यांना दिले जाणारे उंदीर यांच्यामार्फत सॅल्मोनेला जिवाणू माणसात येऊ शकतात. गोठवल्याने हे जिवाणू मरत नाहीत. २०१४ साली अमेरिकेत गोठवलेल्या उंदरांमधून माणसांना असा संसर्ग झाला होता. त्यामुळे पिंकीचा डबा घरच्या अन्नापासून वेगळा ठेवावा, वितळवण्याची भांडी वेगळी असावीत आणि दर वेळी साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालच्या मुलांनी सापाला हाताळू नये, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे.

कायदा काय सांगतो?

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेतल्या हवाई राज्यात कुठलाही साप पाळायला बंदी आहे. ऑस्ट्रेलियातही कॉर्न स्नेक पाळता येत नाही, कारण सुटलेले साप तिथल्या पक्ष्यांना आणि छोट्या प्राण्यांना धोका ठरतात. कॅरिबियन समुद्रातल्या काही बेटांवर हा परका साप आधीच स्थिरावला आहे.

भारतात धामण, नाग, अजगर असे देशी साप पकडणं किंवा पाळणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. विदेशी प्राणी आयात करायला सरकारी परवानगी लागते. त्यामुळे व्हिडिओ पाहून घराजवळ सापडलेलं सापाचं पिल्लू बरणीत ठेवण्याचा विचार कुणी करू नये. ते विषारीही असू शकतं. अशा वेळी वनविभागाला किंवा सर्पमित्राला बोलवावं.

जिथे कॉर्न स्नेक पाळणं कायदेशीर आहे, तिथेही घरी आणण्याआधी त्याच्या जेवणाचा विचार करायला हवा. फ्रीजमध्ये पुढची १५-२० वर्षं उंदीर ठेवायची घरच्यांची तयारी आहे का, आणि पिल्लाने पाठ फिरवली तर आठवडाभर त्याला हात न लावता थांबता येईल का? या दोन्हींची उत्तरं 'हो' असतील, तर बहुतेक पिल्लं एका रात्री, कुणी पाहत नसताना, पहिली पिंकी गिळून मोकळी होतात. सकाळी रिकामा डबा आणि पोटावरचा छोटासा फुगवटा दिसतो. त्यानंतर पुढचे दोन दिवस त्या पिल्लाला निवांत पडू द्यावं.